शंका आली की बंद

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे चवबाई म्हणत. हे काही लाडाचं नाव नव्हतं, तो तिचा हुद्दाच होता. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्किट पांढऱ्या बशीत, नुसता आकडा लावून, तिच्यापुढे यायचं. ती ते मोडायची, हुंगायची, चावायची आणि थुंकून टाकायची. मग कोमट पाण्यानं चूळ, मग पुढची बशी. चव पाहायच्या खोलीचे नियम सोपे होते. एका वेळी एकच बशी. मधे चूळ भरायचीच. आणि सगळ्यांचं चाखून होईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, कारण एकानं 'कडवट' म्हटलं की उरलेल्यांच्या जिभांना आपोआप कडू लागतं. या शेवटच्या नियमावर तिचा फार जीव. हा नियम सगळीकडे लागू केला तर जगातल्या निम्म्या बैठका चहाआधीच उरकतील, असं तिचं ठाम मत होतं.

इतकी वर्षं बिस्किटं थुंकल्यावर माणसाला खाण्याची हौस ती काय उरणार? चवबाई जेवायची ती वेळ झाली म्हणून. मग तिला मुलगी झाली आणि सगळं चित्रच पालटलं.

बाळाला छातीशी घेतलं, त्यानं जरा लय धरली, की हिच्या पोटात कावळे ओरडायला लागत. साधीसुधी भूक नव्हे ती. घशाला कोरड पडायची आणि डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायची: भरपूर कांदा घातलेलं, कडेनं कुरकुरीत झालेलं ऑम्लेट आणि सोबत लोणी लावलेला जाड टोस्ट. कधी मधेच चॉकलेटची बिस्किटं. जी तिनं जन्मभर थुंकली तीच. हे तिनं कारखान्यात कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी सुट्टी रद्द करून तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं हे ऑम्लेट करून खाल्लं. मिटक्या मारत खाल्लं. आणि त्या संध्याकाळी बाळ रडलं.

आता तान्ही मुलं संध्याकाळी रडतात. संध्याकाळ त्यांनी त्यासाठीच राखून ठेवलेली असते. पण घरात चार मोठी माणसं रिकामी बसलेली असली की रडणं नुसतं रडणं राहत नाही, त्याचा गुन्हेगार शोधावा लागतो. सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "कांदा."

"मला वाटलंच होतं," हिची आई म्हणाली. ती लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती, आणि तिलाही बऱ्याच गोष्टी आधीच वाटलेल्या असत.

खरा घोळ केला तो नवऱ्यानं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या धंद्यात एक सोनेरी नियम आहे: शंका आली की बंद. तारेतून जरा आवाज आला, दार जरा अडलं, की आधी लिफ्ट बंद करायची, पाटी लावायची आणि मग विचार करायचा. या नियमानं त्यानं आजवर कोणाला खरचटूसुद्धा दिलं नव्हतं. तोच नियम त्यानं बायकोच्या ताटाला लावला. लिफ्टचं ठीक आहे. ती बंद असली तर माणसं जिन्यानं जातात. भुकेला जिना नसतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

कांदा बंद झाला. त्यानंतर बाळ पुन्हा रडलं, म्हणून संत्री बंद झाली, कारण हिच्या आईच्या मते आंबटानं दूध फाटतं. मग कोबी, कारण वारा. मासे, कारण वास. चीज, कारण ते गार. अंडं, कारण ते उष्ण. सासूबाई गार पदार्थांच्या विरोधात होत्या आणि आई उष्ण पदार्थांच्या. दोघींचं एकमेकींशी पाच मिनिटं पटत नसे, पण मनाईच्या बाबतीत त्यांनी झकास तडजोड केली: तुमचंही बंद, आमचंही बंद. चवबाई दोघींनाही 'आई' म्हणायची. तिनं एक हाक मारली की दोन मनाया एकदम हजर होत.

"अरे, पण सगळं एकदम बंद केल्यावर नेमकं कशानं होत होतं ते कसं कळणार?" तिनं नवऱ्याला विचारलं. "आमच्याकडे एका वेळी एकच बशी बघतात."

"ते बिस्किट आहे," नवरा म्हणाला. "हे बाळ आहे. बाळाच्या बाबतीत धोका कशाला पत्करायचा?"

या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बाळाचं नाव घेतलं की घरात कुठलाही ठराव एकमतानं मंजूर होतो.

शेवटी उरला लाल भोपळा. उकडलेला, बिनमिरीचा, मीठ नावापुरतं. त्यावर कोणी आक्षेप घेतला नव्हता, कारण भोपळ्याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. सकाळी भोपळा आणि कोरडा टोस्ट, दुपारी भोपळा आणि भात, संध्याकाळी नुसता भोपळा, कारण रात्री पोट हलकं असावं. पाणीसुद्धा बेताचं. फार पाणी प्यायलं की दूध पातळ होतं, हा शोध घरात कोणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण अंमलबजावणी सगळे करत.

आता प्रश्न आला, घरात आणून ठेवलेल्या बंदी मालाचं काय करायचं? तो तिच्या डोळ्यांसमोर राहिला तर तिला मोह होणार. टाकून द्यावा तर अन्नाचा अपमान. म्हणून घरानं मोठ्या मनानं तो संपवायची जबाबदारी घेतली. अंडी होती तेवढी संपवली, मग पुन्हा आणून संपवली. स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन चौघं जेवायला बसत, का तर तिला वासाचा त्रास नको. नवऱ्याच्या पट्ट्याला या त्यागापायी नवीन भोक पाडावं लागलं.

पण जिला बंद पुड्यातल्या पिठाचा वास ओळखण्याचा पगार मिळतो, तिच्यापुढे दार काय करणार? ती बाहेर बाळाला पाजत बसलेली असे आणि आतला एकेक पदार्थ तिला नावानिशी कळे. एकदा तर तिला राहवलं नाही. "मासा खालून लागतोय," तिनं बाहेरूनच सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग कोणीतरी हळूच उठून गॅस बारीक केला. आभार मात्र कोणी मानले नाहीत.

बाळाच्या वजनाच्या दिवशी दवाखान्यात सगळं घर गेलं. नर्सनं बाळाला तराजूत ठेवलं, आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग बाळ कसं पितं ते नीट निरखून पाहिलं आणि चवबाईलाच काट्यावर उभं केलं.

"बाळ पितंय छान," नर्स म्हणाली. "वजन वाढतंय, पण जरा हळू. आईचं मात्र भराभर उतरतंय. तुम्ही काय खाता?"

"पथ्य अगदी कडक आहे हो तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"तेलकट नाही, तिखट नाही, वातूळ नाही," आई म्हणाली.

"शंका येईल असं काहीच देत नाही," नवरा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," नर्स म्हणाली.

"भोपळा," चवबाई म्हणाली.

नर्सनं पुढचं ऐकायला जरा वाट पाहिली. पुढचं काही नव्हतं. मग तिनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, की पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त खावं लागतं. अंडी, मासे, डाळी, फळं, भाज्या, दूधदुभतं, सगळं खाऊ द्या. पाजताना तहान लागते, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. गोड खावंसं वाटलं तर चार बिस्किटांनी आभाळ कोसळत नाही, फक्त पोटभर जेवण झालेलं असू द्या, मग तो सोसही निम्मा होतो. कॉफी कपभर चालेल. एखादा पदार्थ खरंच बाधतोय असं वाटलं तर तेवढाच काही दिवस थांबवून बघा, आणि पुन्हा सुरू करून बघा. हे ऐकताना चवबाईला नर्सच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कारखान्याबाहेर इतकं सरळ बोलणारं माणूस तिला प्रथमच भेटत होतं.

घरी पोचेपर्यंत या सल्ल्याची पार वाट लागली होती. "पोरसवदा आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकात वाचून बोलतात." आईनं मान डोलावली. आणि नवऱ्यानं येताना औषधांच्या दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा आणून फडताळात ठेवला.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"वजन हळू वाढतंय म्हणजे दुधाबद्दलच शंका आली ना," तो म्हणाला. त्याचा आवाज प्रेमळ होता, हीच तर पंचाईत. "पुढच्या वेळी आकडा सुधारला नाही तर तुझं बंद करू आणि हे सुरू करू. तुलाही आराम पडेल."

डब्यातलं दूध वाईट नसतं, कित्येक पोरं त्यावर गुटगुटीत झालीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिला पाजायचं होतं. पिता पिता बाळाची घट्ट मिटलेली मूठ हळूहळू सैल व्हायची आणि तिच्या बोटावर येऊन पडायची, ती घटका तिला अख्ख्या दिवसात स्वतःची वाटे. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. पोटभर असं त्या घरात तिला तेवढंच करता येत होतं.

सासरे आत्तापर्यंत या गोष्टीत नव्हते, कारण ते कुठल्याच गोष्टीत नसत. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. घरात काही वाद निघाला की मूग गिळून वर्तमानपत्र वाचायचे. पण त्या दिवशी नळाचा आवाज फार वेळ आला, आणि विनाकारण वाहणारं पाणी त्यांना सहन होत नसे. त्यांनी दारावर टकटक केली. दार उघडल्यावर त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला, आत हात घालून नळ बंद केला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, बाळाला जरा हवा दाखवून आणू."

हवेला कोणाची हरकत नव्हती. दोघं बाबागाडी ढकलत कोपऱ्यावर गेले. तिथं एक छोटं हॉटेल होतं, चार टेबलांचं. सासरे आत शिरताच मालकानं न विचारता तवा तापत ठेवला. तेव्हा तिला कळलं की सासऱ्यांची रोजची सकाळची रपेट कुठवर असते.

"दोन ऑम्लेट," सासरे म्हणाले. "दोन्हीत कांदा. सोबत टोस्ट आणि लोणी." मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मला एकट्याला खायला बरं वाटत नाही." ही शुद्ध थाप होती. गेली कित्येक वर्षं त्यांना एकट्याला खायला उत्तम वाटत होतं.

ती इतक्या वेगानं जेवली की मालकानं आणखी दोन टोस्ट आपणहून आणून ठेवले. शेवटचा घास गिळल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं कामाला लागलं, ते कारखान्यात लागतं तसं.

"बाबा," ती म्हणाली, "रोज यायचं. पण कांदा रोज नको. नाणं उडवायचं. छापा पडला तर कांदा, काटा पडला तर नुसती अंडी. घरी कोणाला काही बोलायचं नाही. बाळ बघून कोणाला काय ओळखता येतं ते बघू."

सासऱ्यांना यातलं शास्त्र कितपत कळलं देव जाणे. रोज यायचं, एवढं मात्र नीट कळलं.

मग सुरू झाला तो प्रकार चवबाईच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा प्रयोग होता. सकाळी नाणं उडे, बाळ गाडीत झोपलेलं असे, ही पोटभर खाई, मग संत्रं सोलून खाई, वर दूध पिई, कोमट पाण्यानं चूळ भरून साळसूद चेहऱ्यानं घरी येई आणि ताटातला भोपळा आज्ञाधारकपणे चिवडत बसे. येताना पिशवीत शेंगदाणे आणि केळी असत, ती उशीमागे जात. पाजताना हात मागे घातला की काही ना काही लागे. आणि गंमत म्हणजे, चॉकलेटच्या बिस्किटांसाठी जीव टाकणं आपोआप कमी झालं. दोन खाल्ली की पुरत.

संध्याकाळी निकाल लागत, आणि ती मनात टिपून घेई. एकदा छापा पडला, तिनं दुप्पट कांदा खाल्ला, आणि बाळ संध्याकाळभर गाढ झोपलं. "बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "भोपळ्याचा गुण." एकदा काटा पडला, कांद्याचं नाव नाही, आणि बाळानं घर डोक्यावर घेतलं. "घरात कोणी कांदा चिरला का?" आईनं विचारलं. सासूबाईंनी चिरला होता. "वासानंसुद्धा बाधतो," आई म्हणाली, आणि नवऱ्यानं घरात कांदा चिरायलाच बंदी घातली. कधी कांद्याला रडणं, कधी कांद्याला झोप, कशाचा कशाला मेळ नाही. रडणाऱ्या बाळाला फक्त संध्याकाळ ठाऊक होती. पण ओळखणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र रोज वाढत होता.

होता होता एका संध्याकाळी बाळ असं रडलं की तिघं गोल करून बसले आणि गुन्हेगार शोधू लागले. सगळं तर बंद होतं. आईनं जड मनानं तोंड उघडलं. "भोपळाच वातूळ असेल का?"

सासूबाई विचारात पडल्या. नवरा म्हणाला, "शंका आहे."

भोपळा बंद झाला. त्या दिवशी ताटात पांढरा भात आला, चिमूटभर मिठासकट, आणि चवबाईला इतकं हसू आलं की तिला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं. सासऱ्यांना वर्तमानपत्राआड ठसका लागला.

पण वजनाचा दिवस उजाडला तेव्हा तिचं हसू पळालं. डबा फडताळात होता. काट्यानं दगा दिला तर कांदा कोणाला बाधतो आणि कोणाला नाही याला काही अर्थ उरणार नव्हता, बाळाला पाजणं तिच्या हातून जाणार होतं. नर्सनं बाळाला तराजूत ठेवलं तेव्हा चवबाईनं डोळे मिटले.

"वा," नर्स म्हणाली. "मस्त वाढलंय. आणि आई, तुमच्याही तोंडावर तेज आलंय. काय बदललंत?"

"पथ्य आणखी कडक केलं," सासूबाई म्हणाल्या.

"भोपळा काढला," आई म्हणाली.

"शंकेची जागाच ठेवली नाही," नवरा म्हणाला.

चवबाईनं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत वाट पाहिली. मग ती म्हणाली, "रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन जेवते मी. अंडी, लोणी, संत्री, सगळं. नाणं उडवून कधी कांदा घालून, कधी न घालता. भोपळ्याचा गुण म्हणालात ना, त्या दिवशी दोन कांदे होते. आणि वासानं बाधला म्हणालात, त्या दिवशी मी एक फोडसुद्धा खाल्ली नव्हती. बाबांना विचारा."

आई पदराशी चाळा करू लागली. नवरा पट्टा वर ओढायला लागला. सासरे भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र एवढ्या लक्षपूर्वक पाहू लागले, जणू त्यांनाच लस टोचून घ्यायची होती.

"तुम्ही घेऊन जात होतात?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी मान हलवली.

आता आकाशपाताळ एक होणार, अशी चवबाईनं तयारी ठेवली होती. पण सासूबाईंचा आवाज चढला नाही. त्या बाकावर बसल्या.

"माझ्या वेळी मीसुद्धा अशीच बाळाला घेऊन दाराबाहेर बसलेली असायचे," त्या म्हणाल्या. "आत तुम्ही सगळे जेवत असायचात. मला वास यायचा. मला का नाही नेलंत कोपऱ्यावर?"

"तेव्हा घरात माझी आई होती," सासरे पुटपुटले.

"आणि आता मी आहे. मला चुकवून सुनेला नेलंत की." त्यांनी लेकाकडे बोट केलं. "हा दोन महिन्यांचा होता, तेव्हा माझं आटलं. सगळे म्हणाले, हिला दूधच नाही. इतकी वर्षं मीही तेच सांगत आले लोकांना. मला दूधच नव्हतं म्हणून."

नवरा आईकडे पाहत राहिला. पहिल्यांदाच त्याच्याजवळ कुठला नियम नव्हता.

तेवढ्यात तराजूतलं बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. सवयीनं सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. कांदा की संत्रं, गार की उष्ण, काहीतरी त्या सांगतील म्हणून.

सासूबाईंनी बाळाला उचललं आणि चवबाईच्या हातात दिलं.

"भूक लागली असेल," त्या म्हणाल्या.